पागेतले प्रश्न : पाठीवर स्वार असताना घोडा उभा होतो तेव्हा

पुण्याचा पावसाळी शर्यतींचा हंगाम उरकला की रेसकोर्सवरून निवृत्त झालेले घोडे आसपासच्या रायडिंग स्कूलांत आणि घरगुती तबेल्यांत जातात. पुढे मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तिकडून काठेवाडी-मारवाडी घोड्या येतात. नवा घोडा आणि नवा मालक एकमेकांना ओळखायला लागले की आमच्याकडे एकच तक्रार वारंवार येते : स्वार पाठीवर असताना घोडा मागच्या पायांवर उभा होतो. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत. लाथ झाडणं, उधळणं, चावणं यांत माणूस बहुधा नुसता पडतो. उभा झालेला घोडा मात्र मागे उलटून स्वाराच्या अंगावर पडू शकतो, त्यामुळे उत्तरं जरा लांबली आहेत.

प्रश्न (हडपसर) : शर्यतीतून निवृत्त झालेला, खच्ची केलेला सहा वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) आठ महिन्यांपूर्वी घेतला. मैदानात चांगला चालतो. पण एकट्याला फाटकाबाहेर काढलं की थबकतो. गेल्या महिन्यात टाच मारल्यावर तीनदा सरळ उभा झाला. एक जण म्हणतो कडक बिट (लगामाची तोंडातली दांडी) घाला, दुसरा म्हणतो उभा झाला की दोन कानांच्या मध्ये काठी हाणा. काय करावं?

उत्तर : दोन्ही नको. आणि तपासणी होईपर्यंत त्याच्यावर बसूही नका.

आधी तो वर कसा जातो ते समजून घ्या, कारण सगळा उपाय त्यात आहे. नीट पुढे चालणाऱ्या घोड्याला उभं होता येत नाही. उभं होण्यासाठी त्याला थांबावं लागतं, किंवा पावलं इतकी आखूड करावी लागतात की तो जागच्या जागी खुरं आपटतो. मग मागचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन तो वजन मागे नेतो आणि त्यानंतरच पुढचा भाग उचलतो. तुमच्या घोड्याला फाटकाबाहेर जायची भीती वाटते. तो थबकला की तुम्ही टाच मारता, आणि तो वळून पळेल या धास्तीने त्याच वेळी वाद्याही, म्हणजे लगामाचे हातातले पट्टेही, आवळता. टाच सांगते पुढे हो, वाद्या सांगतात थांब. मागे फिरायला मनाई, पुढे जायला मनाई, मग उरते ती वरची दिशा. कडक बिट घातलं तर पुढचं दार आणखी घट्ट बंद होतं. डोक्यावर काठी बसली तर तो डोकं वर फेकतो, म्हणजे अजून उंच जातो, आणि पुढे कान-कपाळाला हातही लावू देत नाही. डोक्यावर अंडं किंवा कोमट पाण्याची बाटली फोडायची, घोड्याला मुद्दाम मागे पाडून धडा शिकवायचा, असले जुने तोडगे अजूनही ऐकायला मिळतात. मागे पडलेल्या घोड्याच्या कवटीच्या तळाचं हाड मोडू शकतं, पाठीच्या मणक्यांचे उंचवटे मोडू शकतात. ज्याला वाचवायचं आहे त्यालाच अशाने गमावून बसाल.

आता तपासणी. आठ महिन्यांतले सात नीट गेले आणि शेवटच्या एकात तो तीनदा उभा झाला, तेव्हा मध्ये काहीतरी बदललं आहे. दुखणं हे पहिलं संशयित. मोठ्या जनावरांचा, शक्यतो घोड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य बोलवा आणि तोंडापासून सुरुवात करा. वरच्या जबड्यात पहिल्या दाढेच्या अगदी पुढे काही घोड्यांना एक बारीक दात असतो, त्याला वुल्फ टूथ म्हणतात. चावायला त्याचा उपयोग नसतो, पण बिट मागे सरकलं की नेमकं त्याच्यावर आपटतं. तो आधी काढलेला असला तरी मुळाचा तुकडा हिरडीखाली राहिलेला असू शकतो. वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड झिजून धारदार होते, आणि वादी ओढली की गाल त्या धारेवर दाबला जातो. हे नुसते ओठ उचलून दिसत नाही. घोड्याला गुंगीचं इंजेक्शन देऊन, माउथ गॅग (तोंड उघडं धरणारी चौकट) लावून, बॅटरीच्या उजेडात दाढा पाहाव्या लागतात. पाच वर्षांपर्यंतच्या घोड्याचे दात दर सहा महिन्यांनी आणि त्यापुढे वर्षातून एकदा पाहायचे, हा नियम तबेल्याच्या वहीतच लिहून ठेवा.

मग पाठ आणि खोगीर. ही तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. गादी न घालता नुसतं खोगीर पाठीवर ठेवा. खांद्यामागच्या उंचवट्यावर, म्हणजे मान जिथे पाठीला मिळते तिथे, खोगिराच्या कमानीखाली दोन ते तीन बोटं मोकळी राहायला हवीत आणि स्वार बसल्यावरही ती जागा बुजता कामा नये. बरगड्यांवरून हात मागे नेत शेवटची बरगडी शोधा आणि ती वर पाठीपर्यंत चाचपत जा. खोगिराची गादी त्या रेषेच्या मागे गेली तर स्वाराचं वजन कमरेच्या मणक्यांवर पडतं. अर्धा तास काम झाल्यावर खोगीर उतरवून घामाचा ठसा पाहा. सगळीकडे ओलं आणि मध्येच रुपयाएवढा किंवा तळहाताएवढा कोरडा डाग असेल, तर तिथे एकतर दाब फार पडतो किंवा खोगीर टेकतच नाही. बोटांनी दाबून पाहिलं की घोडाच सांगतो यातलं काय ते. आठ महिन्यांत शर्यतीच्या घोड्याचं अंग पार बदलतं. आला तेव्हा बसणारं खोगीर आज बसेलच असं नाही.

तिसरं, पोट. घोड्याच्या जठरात खाणं असो वा नसो, आम्ल सतत पाझरत राहतं. चारा न देता सहा-सहा तास ठेवणं आणि एका वेळी भरपूर दाणा, यांनी जठरात व्रण होतात, आणि शर्यतीच्या तयारीतल्या घोड्यांत ते सर्रास असतात. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान पाडणं, चावायला वळणं, दाणा अर्धा सोडणं, दात खाणं, ही त्याची लक्षणं. खात्री एंडोस्कोपीनेच होते. औषध कोणतं, किती दिवस हे डॉक्टर ठरवतील. तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे बसण्याच्या अर्धा तास आधी एक-दोन मुठी लसूणघास देणं. त्यातल्या कॅल्शियममुळे आम्ल सौम्य होतं आणि पोट रिकामं राहत नाही.

मागच्या पायांचे सांधे, विशेषतः हॉक (मागच्या पायाचा मधला, मागे टोक आलेला सांधा), आणि खुरं डॉक्टरांनी पाहून घेतली की तपासणी संपली. एवढ्यात काही सापडलं तर आधी ते बरं करा. बरं झाल्यावरही सवय काही आठवडे राहते, कारण दुखलं की उभं व्हायचं हे घोडा एकदा शिकलेला असतो.

शिकवण जमिनीवरून सुरू करायची. मोहरकी (बिट नसलेला तोंडावरचा दोर), साडेतीन ते चार मीटरची सुती दोरी, लांब चाबूक, हातात मोजे, डोक्यावर हेल्मेट. घोड्याच्या पुढे नव्हे, खांद्याशी उभं राहायचं. दोरी हलकीशी पुढे, तोंडाने ‘चल’, आणि नाही हलला तर तुमच्या टाचेच्या जागेच्या जरा मागे चाबकाच्या टोकाने टिचकी. एक पाऊल पडलं की त्याच क्षणी दोरी ढिली. इथे उशीर करणाऱ्यांचेच घोडे शिकत नाहीत. दाब सुटला तेव्हा आपण काय करत होतो, एवढंच घोड्याच्या लक्षात राहतं. तो थांबलेला असताना दोरी सुटली तर तो थांबायला शिकतो. दहा मिनिटं डावीकडून, दहा उजवीकडून. हलक्या खुणेवर पहिल्याच पावलात निघायला लागला की त्याला फाटकाकडे न्या. तो जिथे थबकतो त्याच्या पाच पावलं अलीकडे तुम्ही स्वतःहून थांबवा, मानेवर हात फिरवा आणि परत फिरा. दुसऱ्या दिवशी चार पावलं अलीकडे. थांबण्याचा निर्णय त्याच्याऐवजी तुमचा झाला की फाटकाची धार बोथट होते. लांब वाद्यांवर मागून चालवता येत असेल तर फारच उत्तम, मात्र मागे राहताना लाथेच्या टप्प्याबाहेर राहा आणि पहिले काही दिवस खांद्याशी एक मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) असू द्या.

पाठीवर परत बसाल तेव्हा पुढे दोन घोड्यांच्या अंतरावर एक शांत, वयस्क घोडा असावा. शर्यतीचे घोडे सकाळच्या कसरतीला रांगेने जातात, एकट्याने फाटकाबाहेर पडायची त्यांना सवयच नसते, हे ध्यानात ठेवा. साधं स्नॅफल बिट (साखळी-तरफ नसलेलं, सौम्य) घाला. ते ओठांच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच मिलिमीटर बाहेर यावं आणि ओठाच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडाव्यात. टाच एकदाच आणि हलकी. तो नाही निघाला तर पायामागे चाबकाची टिचकी, आणि तो निघाला की हात पुढे. तो निघताना दचकून तुमचे हात मागे आले तर आधीचे सहा आठवडे वाया गेले समजा. हे ज्यांना जमत नाही त्यांनी लाज न बाळगता गळ्यात एक पट्टा बांधावा आणि निघताना तो धरावा. वीस मिनिटांपेक्षा जास्त काम नको. दीड-दोन महिने लागतील.

एवढं करूनही तो एखाद्या दिवशी वर गेला तर? त्याआधी सूचना मिळते. पावलं आखूड होतात, पाठ कडक होते, मान लहान होते आणि पुढचा भाग हातात हलका, पोकळ लागतो. त्या एक-दोन सेकंदांत एक हात बाजूला उघडा, मान वळवा आणि त्याच बाजूचा पाय तंगामागे लावून त्याचा पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, बाजूला सरकवा. मागचे पाय एकमेकांना ओलांडत असताना दोन्हींनी मिळून जोर लावता येत नाही. पण पुढचे पाय जमिनीवरून सुटले असतील तर वळवू नका, हवेत वळवलेला घोडा आडवा पडतो. तेव्हा वाद्या पूर्ण सोडायच्या, हात मानेच्या दोन्ही बाजूंनी पुढे, छाती आयाळीला, चेहरा एका बाजूला, नाहीतर मान नाकावर बसते. वाद्यांना लोंबकळलात तर मागच्या दोन पायांवर तोललेल्या चारशे किलोंना तुम्हीच मागे ओढता. पुढची खुरं टेकली की लगेच पुढे हाकला, दुडकीत गेला तरी चालेल. आणि तोल मागे जातोच आहे असं वाटलं तर रिकिबींतून पाय काढा, वाद्या सोडा, बाजूला घसरा आणि लोळत लांब जा. वाद्या धरून पडलात तर तो तुमच्या दिशेने येतो.

प्रश्न (वाघोली) : सारंगखेड्याहून आणलेली आठ वर्षांची काठेवाडी घोडी. आधीच्या मालकाने वरातीत नाचवली होती. मी दोन्ही पाय लावून वाद्या जरा उचलल्या की उभी होते. ढोल ऐकला तर जागेवर थिरकायला लागते. मारलं नाही, ओरडलो नाही. ही सवय सुटेल का?

उत्तर : सुटेल, पण तुमची घोडी बंडखोरी करत नाही, शिकवलेलं काम इमानाने करते आहे. म्हणून वरचं उत्तर इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. नाचाच्या घोडीला वाद्या आवळून, छातीला किंवा पुढच्या पायाला छडी लावून आणि तालाच्या जोरावर अंग उचलायला शिकवतात. प्रत्येक शिकवणाऱ्याची खूण वेगळी. तुमचे पाय आणि उचललेले हात मिळून योगायोगाने तीच खूण होते.

पहिलं काम, खुणा शोधणं. मोकळ्या जागेत मोहरकी घालून, घोडीसमोर कोणीही उभं न राहता, लांब चाबकाच्या टोकाने छाती, खांदा, पुढच्या पायाची नळी, कंबर अशा जागांना एकेक करून हलका स्पर्श करा. कुठे वजन मागे जातं ते पाहा. जिभेचा टक्-टक् आवाज, शीळ, हात वर करणं हेही तपासा. सापडलेल्या खुणा लिहून ठेवा आणि घरातल्या-तबेल्यातल्या सगळ्यांना सांगा. पुढे जाण्यासाठी यातली एकही खूण वापरायची नाही. दोन्ही पायांऐवजी तोंडाचा शब्द आणि चाबकाची टिचकी अशी नवी खूण शिकवा, हात खाली आणि रुंद ठेवा. जुन्या खुणेवर पुढचा भाग हलका झाला की शाबासकी नाही, शिक्षा नाही, फक्त लगेच चार पावलं पुढे. आणि फोटोसाठी, पाहुण्यांसाठी, पोरांच्या हट्टासाठी तिला एकदाही उभी करायची नाही. क्वचित मिळणाऱ्या शाबासकीने सवय सगळ्यांत चिवट होते. दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा टाळ्या वाजवल्या तर ती बारा वेळा प्रयत्न करेल.

बिट काढून नीट पाहा. नाचाच्या घोड्यांच्या तोंडात काटेरी किंवा दातेरी लगाम असतो, जीभ कापलेली आणि हिरडी सुजलेली सापडते. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांच्या छळप्रतिबंधाचे १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार स्वारीसाठीसुद्धा काटेरी बिट वापरायला बंदी आहे. जखम असेल तर चार ते सहा आठवडे बिटाविना, नाकपट्टीच्या लगामावर काम करा. नंतर गुळगुळीत, सरळ दांडीचं बिट. काठेवाडी घोडीचं तोंड अरुंद असतं, थरोब्रेडचं बिट तिला मोठं होतं. मोजून घ्या.

ढोलाचं काम वेगळं करायचं, स्वारीच्या वेळी नाही. रेकॉर्ड केलेला ताल चारा खाताना बारीक आवाजात लावा. कान उभे, पण तोंड चाऱ्यात, एवढाच आवाज बरोबर. चारा सोडून मान वर झाली तर आवाज जास्त आहे. गणपतीच्या महिना-दीड महिना आधी शहरातली पथकं नदीकाठी आणि मोकळ्या मैदानांवर सराव करतात, तिथून अर्ध्या किलोमीटरवर तिला हातात धरून चरवता येईल. पण विसर्जनाच्या दिवशी घोडीला रस्त्यावर काढून परीक्षा घेऊ नका.

घोडी असल्याने कॅलेंडर ठेवा. तिचं ऋतुचक्र साधारण २१ दिवसांचं. उभं होण्याच्या तारखा माजाच्या दिवसांशीच जुळत असतील तर डॉक्टरांना ती वही दाखवा, अंडाशयाची सोनोग्राफी करून घेता येते.

प्रश्न (कोथरूड) : स्टँडिंग मार्टिंगेलने (नाकपट्टीपासून छातीखालच्या तंगापर्यंतचा पट्टा) डोकं बांधून ठेवलं तर घोडा उभाच होणार नाही, असं सांगतात. खरं का?

उत्तर : नाही. उभा घोडा मान पुढे-वर करूनच तोल सावरतो. डोकं छातीशी बांधलेलं असेल तर तो वर तर जाईलच, फक्त सावरू शकणार नाही आणि उलटेल. ड्रॉ रेननेही (तंगापासून बिटाच्या कड्यांतून हातात येणारी वादी) नाक आत ओढलं जातं आणि पुढची वाट बंद होते. रनिंग मार्टिंगेल (वाद्या ज्याच्या कड्यांतून जातात तो छातीचा पट्टा), कड्या गळ्यापर्यंत पोचतील इतकं ढिलं, निदान घातक तरी नाही, पण तेही औषध नव्हे. नाकपट्टीखाली, नाकाच्या हाडावर, दोन बोटं सरकली पाहिजेत. साधनांच्या दुकानात या दुखण्याचा इलाज मिळत नाही.

प्रश्न (मुळशी) : दोन वेळा मिळून चार किलो चणे आणि वर गूळ देतो. घोडा ‘गरम’ झाल्यामुळे उभा होत असेल का? काम आठवड्यातून दोनदाच होतं.

उत्तर : काम दोन दिवसांचं आणि खुराक सात दिवसांच्या रपेटीचा, म्हणजे अंगात साठलेलं कुठेतरी निघणारच. आधी वजन काढा. तंगाच्या जागेचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर साधारण ३२३ किलो. अशा घोड्याला सुका चारा रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे पाच ते साडेसहा किलो, आणि तो तीन-चार वेळांत विभागून. दाणा हलक्या कामाला सगळा मिळून एक ते दीड किलो पुरे. एका वेळी तो वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या वर कधीच नको. गूळ बंद. मीठ २५ ते ३० ग्रॅम. बदल एकदम नाही, सात ते दहा दिवसांत हळूहळू, नाहीतर पोटशूळ. बुरशी धरलेला कडबा आणि कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला घालू नका.

सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करायचा आणि चारा तेवढाच ठेवायचा, हे मोतद्दाराला दोनदा सांगा. पूर्ण खुराकावर ठाणबंद राहिलेल्या घोड्याकडून दुसऱ्या दिवशी एकदम काम घेतलं तर मागचे स्नायू धरतात, घोडा आखडतो आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. तसं दिसलं तर चालवत घरी आणू नका, तिथेच उभा ठेवून डॉक्टर बोलवा. बाकी, खुराक कमी केल्याने धमक उतरते, शिकलेली सवय उतरत नाही. रोज काही तास मोकळं सोडणं हे दाणा तोलण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

प्रश्न (बाणेर) : मुलगी बारा वर्षांची. शिकते त्या ठिकाणचा पोनी गेल्या आठवड्यात दोनदा पुढून फूटभर उचलला गेला. प्रशिक्षक म्हणतात, ‘एवढं चालायचंच.’

उत्तर : चालायचं नाही. फूटभर उचलणं ही तालीम असते. मुलीला दुसरा पोनी मागा, आणि देत नसतील तर ठिकाण बदला. बिघडलेला पोनी सरळ करणं हे मुलांचं काम नाही. शिकाऊ मुलांच्या पोनीत हे बहुधा कंटाळ्यातून येतं. रोज तीन-चार तास वेगवेगळी मुलं टाचा मारतात आणि वाद्यांना लटकतात, त्यात तंगाखालची जखम कुणी पाहिलेली नसते. हेल्मेट स्वारीचंच हवं, एएसटीएम एफ ११६३ सारख्या घोडेस्वारीच्या हेल्मेटसाठीच्या मानकाचं, हनुवटीखाली पट्टा बांधलेलं. मोटरसायकलचं चालणार नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. रिकिबीत बुटाच्या दोन्ही बाजूंना मिळून अडीच-तीन सेंटिमीटर जागा राहावी आणि बुटाला टाच असावी, म्हणजे पाय अडकत नाही.

प्रश्न (चिंचवड) : फक्त चढताना उभा होतो. एकदा बसलं की काही नाही.

उत्तर : तंग एकदम आवळता का? दोन भोकं, चार पावलं चालवणं, मग उरलेली भोकं, असं तीन टप्प्यांत करा. जमिनीवरून रिकिबीला लटकून चढू नका, खोगीर फिरतं आणि खांद्यामागचा उंचवटा चेपला जातो. अर्धा-पाऊण मीटर उंचीचं चढायचं स्टूल वापरा, डावी वादी आखडू नका आणि पाठीवर धप्पकन बसू नका. एवढ्यानेही फरक पडला नाही तर पाठीचा एक्स-रे. मणके एकमेकांना टेकत असतील तर हेच लक्षण दिसतं. शर्यतीचा घोडा असेल तर त्याला चालता चालता जॉकी चढवून घ्यायची सवय असते, उभं राहून थांबणं त्याला वेगळं शिकवावं लागेल.

प्रश्न (चाकण) : घोडा घ्यायला निघालो आहे. उभा होणारा असेल तर ते आधी कसं ओळखावं?

उत्तर : न कळवता आणि सकाळी काम होण्याआधी जा. तुम्ही पोचण्यापूर्वी त्याला दमवलं असेल तर अंगावर घामाचे वाळलेले पांढरे थर किंवा नुकतंच धुतलेलं अंग दिसेल. खोगीर तुमच्यासमोर घालायला लावा, कान आणि शेपटी पाहा. लगामाकडे पाहा : कर्ब साखळी (हनुवटीखाली आवळणारी), टाय-डाऊन (डोकं खाली बांधणारा पट्टा), पिळलेल्या तारेचं बिट, हे सगळं कशासाठी, ते थेट विचारा. हनुवटीखाली, नाकावर आणि ओठांच्या कोपऱ्यांत पांढरे केस किंवा घट्टे म्हणजे तिथे बरेच दिवस ओढाताण झाली आहे. डोक्याच्या मागे आणि खांद्यामागच्या उंचवट्यावर जुन्या जखमेची खूण चाचपा, मागे पडलेल्या घोड्याला तिथेच लागतं.

आधी विकणाऱ्याने बसून दाखवावं. तो बसायला टाळत असेल तर तुम्हीही बसू नका. चालताना, दुडकीत, मग थांबवून परत निघताना, आणि शेवटी तबेल्यापासून एकटा लांब नेताना पाहा. तबेल्याकडे पाठ करून थांबवला आणि पुन्हा पुढे हाकला, ही एक परीक्षा बाकी दहांच्या तोडीची. दुसऱ्या दिवशी परत जाऊन तेच करा, कारण एका दिवसासाठी वेदनाशामक देऊन कोणताही घोडा गरीब करता येतो. खरेदीपूर्व तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगा. आणि पावतीवर ‘स्वारीत उभा होत नाही’ असं एक वाक्य विकणाऱ्याच्या सहीने लिहून मागा. सही करताना तो किती वेळ घेतो, तेही बघा.